पिवळ्या रंगाची साक्ष

बार्शीच्या मार्केट यार्डात अण्णांची तुरीची आडत होती. आता गादीवर मुलगा बसे, पण अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय दिवसाचा हिशेब मिटत नसे. घर शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू.

अलीकडे अण्णांच्या तळपायांना मुंग्या येत. एकदा यार्डातून घरी येताना एका पायातली चप्पल वाटेतच निसटली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. सूनबाईंना उंबऱ्यावर धुळीनं भरलेला अनवाणी पाय दिसला, तेव्हा कुठे कळलं.

मुलगा म्हणाला, "अण्णा, व्हिटॅमिन कमी पडत असेल. दाखवून येऊ."

"अरे, रोज मल्टिव्हिटॅमिन घेतो. लघवी पिवळीधमक होते. परवा शिबिरात लघवीत पट्टी बुडवली, तिचाही रंग पालटला. भरपूर आहे म्हणाले!"

तरी मुलानं त्यांना नेलंच. डॉक्टरीणबाईंनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला. अण्णांना थरथर जाणवली नाही. जिभेकडे पाहिलं, तर ती लाल आणि गुळगुळीत. अण्णांनी पुन्हा पट्टीचा दाखला दिला.

बाई म्हणाल्या, "पट्टी खोटं बोलली नाही, अण्णा. ती व्हिटॅमिन सीची होती. पिवळा रंग बी-२चा. दोन्ही पाण्यात विरघळतात; गरजेपेक्षा जास्त झालं की काही तासांत लघवीवाटे बाहेर. सकाळी गोळी घेतली एवढंच त्यावरून कळलं. मला शंका आहे बी-१२ची. ते मिळतं दूध-दही आणि मांसाहारातून. गोळीत असलं, तरी उतारवयात आणि मेटफॉर्मिनमुळे ते नीट शोषलं जाईलच असं नाही."

"मग लघवी तपासून उपयोग काय?"

"उपयोग आहे, पण वेगळं काही शोधायला हवं. तुमच्या आडतीत हमाल आला नाही, तर काय होतं?"

"पोती काट्यापाशी पडून राहतात."

"तसंच. बी-१२ नसलं की शरीरातलं एक काम अडतं आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल साठून लघवीत उतरतं. हमाल मोजायचा नाही, पडलेली पोती मोजायची."

रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला गेली. रक्तात बी-१२ कमी, लघवीत ते आम्ल चांगलंच वाढलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या हळूहळू ओसरल्या. बोटांच्या टोकांचा बधिरपणा मात्र राहिला, कारण मज्जातंतूंनी बराच काळ वाट पाहिली होती.

त्यानंतर शेजारचे एक गृहस्थ आपली लघवीची पट्टी दाखवत "सगळं ठीक आहे" म्हणाले, तेव्हा अण्णांनी चष्मा सारखा करत विचारलं, "सगळं म्हणजे नेमकं काय तपासलं?"

तात्पर्य : चुकीच्या प्रश्नाचं खरं उत्तरही फसवतं. निकालावर विसंबण्याआधी, तपासलं काय ते विचारावं.