इच्छा, नवस आणि भावना



वर्षावासात गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचन चालते. वाचन संपले की नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील आयाबाया एक प्रश्न हमखास विचारतात. "गुरुजी, देव्हारा काढला, देव पाण्यात सोडले, नवस बंद केला. आता लेकराला नोकरी लागावी, लेकीचे चांगले व्हावे असे वाटले, तर मागायचे कुणाकडे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे नीट उत्तर मिळाले नाही तर पुढच्या दाराने घालविलेला नवस मागच्या दाराने घरात येतो. कुणी गुपचूप जुन्या देवीला जाऊन येतो. कुणी बुद्धमूर्तीपुढेच हात जोडून पोराच्या नोकरीचे मागणे मागतो. तरुण मुलांकडे तर तो अगदी नव्या वेषात येतो. हातातल्या मोबाइलवर कुणीतरी गोड आवाजात सांगत असते, की हवे ते रोज वहीत लिहा, आरशासमोर उभे राहून म्हणा, डोळे मिटून बंगला-गाडीचे चित्र पाहा. विश्व तुम्हाला ते देईल. याला 'मॅनिफेस्टेशन' असे भारदस्त इंग्रजी नाव आहे. आमची आजी देवीला कोंबडे कबूल करीत असे, नातू विश्वाकडे मागणे पाठवितो. नाव बदलले; पण मागणाऱ्याचा पसरलेला हात तसाच राहिला.

या बाबतीत तथागतांनी काय सांगितले आहे ते आपण पाहू.

भगवान नालंदा येथे पावारिकाच्या आम्रवनात असताना असिबंधकपुत्र नावाचा गामणी, म्हणजे गावचा प्रमुख, त्यांना भेटावयास आला. मेलेल्या माणसाला मंत्रांनी स्वर्गात पोहोचविता येते असे सांगणारे पुरोहित त्या काळीही होते. गामणीने त्याविषयी विचारले. भगवंतांनी उलट त्यालाच विचारले, की एखाद्याने मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि काठावर मोठा जमाव जमून हात जोडून त्या धोंड्याला म्हणू लागला, 'वर ये, तरंग, काठाला लाग', तर तो वर येईल काय? गामणी म्हणाला, नाही. मग भगवंतांनी तुपाच्या घड्याचा दृष्टांत दिला. घडा पाण्यात फुटला तर खापऱ्या तळाला जातील आणि तूप वर येईल. 'तुपा, खाली जा' अशी हजारो माणसांनी प्रार्थना केली तरी ते खाली जाणार नाही. जे ज्या गुणाचे, ते त्या गुणाप्रमाणे वागते. माणसाच्या कर्माचेही असेच आहे.

यावर कुणी म्हणेल, मग बौद्धाने इच्छाच करू नये काय? तसे नाही. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा श्रेष्ठी, संसारी उपासक. त्याच्याशी बोलताना भगवंतांनी दीर्घ आयुष्य, रूप, सुख, यश आणि स्वर्ग या पाच गोष्टी लोकांना प्रिय आहेत आणि मिळावयास कठीण आहेत, असे सांगितले. त्या प्रार्थनेने मिळत असत्या, तर जगात कुणाला कशाची उणीव राहिली असती? म्हणून ज्याला दीर्घायुष्य हवे, त्याने दीर्घायुष्याकडे नेणाऱ्या मार्गाने चालावे. इच्छेला भगवंतांनी दोष दिला नाही. त्यांनी इच्छेला रस्ता दाखविला.

याच अर्थाचा कोंबडीचा दृष्टांत खेड्यात वाढलेल्या कुणालाही चटकन समजेल. कोंबडीने आठ, दहा, बारा अंडी घातली, पण ती नीट उबविली नाहीत, तर 'माझी पिले सुखरूप बाहेर येवोत' असे तिला कितीही वाटो, पिले बाहेर येणार नाहीत. आणि तिने अंडी नीट उबविली, तर तसे तिच्या मनात आले नाही तरी पिले कवच फोडून बाहेर येतीलच. त्याच उपदेशात सुताराच्या वाकसाचाही दाखला आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. दांडा झिजला हे मात्र दिसते. अभ्यास करणाऱ्या मुलाचे, दारू सोडणाऱ्या बापाचे, चाळिशीत सही करावयास शिकणाऱ्या आईचे असेच असते. रोजच्या रोज फरक दिसत नाही म्हणून निराश होऊ नये.

या उबविण्याला पाली भाषेत 'भावना' हा शब्द आहे. मराठीत भावना म्हणजे मनात दाटून येणारी गोष्ट. पालीत भावना म्हणजे जे नाही ते व्हावे म्हणून मशागत करणे, ते वाढविणे. आपण मंगल मैत्री करतो तीही मैत्रीभावनाच होय. सर्वांचे भले होवो असे म्हणताना आपण कुणाकडे काही मागत नाही. आपल्या मनातला द्वेष कमी करण्याचा तो सराव आहे. नवसात मागणारा जसाच्या तसा राहतो आणि देणारा बदलावा अशी अपेक्षा असते. भावनेत करणारा स्वतःच बदलत जातो.

आता संसारी माणसाने नेमके काय उबवावे? हाच प्रश्न कोलिय लोकांतील दीघजाणु याने भगवंतांना विचारला होता. आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हांला या जन्मीच्या सुखाचे सांगा, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, उत्थानसंपदा. शेती असो, व्यापार असो, सरकारी चाकरी असो, आपल्या कामात कुशल व्हावे, आळस करू नये. मुलाच्या नोकरीसाठी मागणे मागण्यापेक्षा रोज संध्याकाळी दोन तास त्याच्यापुढचा टीव्ही बंद ठेवणे ही खरी उत्थानसंपदा होय.

दुसरी, आरक्षसंपदा. घामाने मिळविलेले राखावे. भगवंतांनी याच उपदेशात तळ्याची उपमा दिली आहे. तळ्यात पाणी येण्याच्या वाटा बंद, जाण्याच्या वाटा उघड्या आणि पाऊसही नाही, तर तळे आटणारच. बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या चार वाटांनी घरचे पाणी वाहून जाते.

तिसरी, कल्याणमित्रता. शीलवान आणि शहाण्या माणसांत उठबस ठेवावी, त्यांचे पाहून शिकावे.

चौथी, समजीविता. तराजू धरणारा जसा पारडे पाहतो, तसा मिळकतीचा आणि खर्चाचा मेळ पाहावा. फार उधळू नये, फार चिक्कूपणाही करू नये. लग्नाच्या वरातीसाठी पतपेढीचे कर्ज काढून पुढे तीच फी म्हणून मुलीचे कॉलेज बंद करणारी घरे आपण पाहतो. तेथे तराजू कुणी हातात धरलेला नसतो.

बाबासाहेबांचे चरित्र या चारही गोष्टींची साक्ष देते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जाण्याची इच्छा होती. पण ते इच्छा करून बसले नाहीत. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून काटकसरीने पैसे साठविले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली, माता रमाईंनी घरची ओढाताण सोसली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. उद्योग, राखण, कल्याणमित्र आणि तराजू, चारही यात आहेत. एकट्याच्या मनोबलाचीच ही गोष्ट नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मला शिक्षक म्हणून आवश्यक वाटते. 'जसा विचार तसे जीवन' असे सांगणारे लोक त्याची दुसरी बाजू हळूच सांगतात: ज्याला मिळाले नाही, त्याचे विचारच हलके होते. बंधूंनो, हे आपण पूर्वी ऐकले आहे. 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणून आपल्या आजा-पणजाला हेच सांगितले जात होते. माणसाच्या दारिद्र्याचे कारण त्याच्या पूर्वकर्मात दाखविले, की समाज आणि शासन आपल्या जबाबदारीतून सुटतात, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले आहे. गावात शाळा नाही, कामाला मजुरी पुरेशी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, हा मुलाच्या विचारांचा दोष नव्हे. महाडच्या तळ्याचे पाणी कुणी डोळे मिटून मिळविले नाही. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे चालत तळ्यावर गेली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. दहा वर्षे अंडी उबवावी लागली, आणि ती सर्वांनी मिळून उबविली. म्हणून स्वतःची उन्नती करणारा बौद्ध जे अन्यायाचे आहे त्याविरुद्ध इतरांबरोबर उभा राहिला पाहिजे. तेही सम्यक व्यायामातच येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या घरी एकदा सावकाश वाचाव्यात. 'मी मानतो', 'मी करीन', 'मी करणार नाही' असे त्यांत आहे. 'मला हे मिळो' अशी एकही प्रतिज्ञा नाही. जो स्वतः प्रतिज्ञा घेतो त्याने पुन्हा हात पसरावयाचा नसतो.

तेव्हा मुलांना वही लिहू द्या. त्यांनी स्वप्न पाहू नये असे कुणीच म्हणणार नाही. फक्त स्वप्नाच्या खाली चार ओळी लिहावयास सांगा. कोणती वाईट सवय मला अजून लागली नाही आणि मी लागू देणार नाही? कोणती लागली आहे, जी मी सोडणार? कोणता चांगला गुण माझ्यात नाही, जो मी या महिन्यात आणणार? कोणता आहे, जो मी राखणार? हेच भगवंतांनी सांगितलेले चार सम्यक प्रयत्न होत: संवर, प्रहाण, भावना आणि अनुरक्षण. वडीलधाऱ्यांनीही आपली वही करावी, आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर घरातल्या सर्वांनी एकमेकांना ती वाचून दाखवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवाकडून लिहून घ्यावी. त्या निमित्ताने नातवाला आजीची इच्छा तरी कळेल.

मागायचे कुणाकडे, या आयाबायांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. बुद्ध वाट दाखविणारे आहेत; चालणे आपले आहे. शेजाऱ्याचा हात धरून चालले तर वाट लवकर सरते.

नमो बुद्धाय. जय भीम.