समजून घेता येणारे यंत्र

नोव्हेंबर २०२४मध्ये ब्रिटनमध्ये ‘द स्पेक्ट्रम’ नावाचा एक जुनाच संगणक नव्याने विक्रीला आला. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा तोच आकार, तीच रबरी बटणे, कोपऱ्यावरचा तोच रंगीत पट्टा. आत मात्र आजची चिप, जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आणि आधीच भरून दिलेले ४८ खेळ. पन्नाशी गाठलेल्या माणसाला लहानपणीचा खेळ पुन्हा खेळावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. पण त्याच काळाकडे वळणारे आणखीही लोक आहेत. ते झेड८० किंवा ६५०२ प्रोसेसर मिळवतात, ब्रेडबोर्डवर त्याला मेमरी आणि क्लॉक जोडतात, एकेक वायर तपासतात आणि बऱ्याच खटपटीनंतर पडद्यावर एक ओळ उमटवतात. या दोघांनाही स्मरणरंजनाच्या एकाच खात्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते. पहिला त्या काळाचे रूप जपतो. दुसरा त्या काळातला एक विचार जपतो: यंत्र विकत घेणाऱ्याला ते समजून घेण्याचा हक्क आहे आणि त्याची माहिती देणे हे बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे. हा विचार मागे पडला, आणि तो केवळ तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे मागे पडला, हे मला मान्य नाही.

त्या काळातले व्यवहार बघितले की हा विचार किती रुजलेला होता ते कळते. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० सुट्या भागांच्या किटच्या स्वरूपात मिळत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली आणि पुढे याच क्लबात अॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक याने आपल्या संगणकाचे सर्किट डायग्राम सभासदांना वाटले. नंतरच्या अॅपल टूच्या संदर्भपुस्तिकेत तर यंत्राचे सर्किट आणि त्याच्या मूळ प्रोग्रामची संपूर्ण यादी छापलेली होती. ब्रिटनमध्ये १९८१चा झेडएक्स८१ तयार हवा असेल तर ६९ पौंड ९५ पेन्स आणि स्वतः सोल्डरिंग करणार असाल तर ४९ पौंड ९५ पेन्स. स्पेक्ट्रमच्या पुस्तिकेत बेसिक भाषेपासून मेमरीच्या रचनेपर्यंत आणि मशीन कोडपर्यंतची ओळख होती. जे कंपनीने सांगितले नाही ते हौशी लोकांनी शोधून काढले: स्पेक्ट्रमच्या १६ केबी रॉममधल्या सूचनांचा सविस्तर उलगडा करणारे पुस्तक १९८३मध्येच बाजारात आले होते. ६५०२ प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर होते साधारण साडेतीन हजार. चिकाटीचा माणूस अख्खे यंत्र, चिपपासून पडद्यापर्यंत, आपल्या डोक्यात सामावू शकत होता.

यातून काय साधले, याचे सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे आहे. बीबीसीने संगणक साक्षरतेची मोहीम आखली, १९८२च्या जानेवारीत तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, आणि त्या मोहिमेसाठी एकॉर्नने बीबीसी मायक्रो बनवला. तो बारा हजार खपेल असा अंदाज होता; खपला पंधरा लाखांच्या आसपास. पुढचा प्रोसेसर कोणता घ्यावा याचा शोध घेताना सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिथले अभियंते ६५०२ची पुढची पिढी जिथे घडत होती ते अमेरिकेतले फीनिक्स इथले कार्यालय पाहायला गेले. काम चालले होते साध्या बंगल्यांत, मोजक्या माणसांच्या हातून. एवढ्या लोकांना हे जमते तर आपल्याला का जमू नये, असे त्यांना वाटले. एप्रिल १९८५मध्ये त्यांचा पहिला एआरएम प्रोसेसर चालू झाला. त्यात सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते आणि त्याची चाचणी बीबीसी मायक्रोलाच जोडून झाली. आज बहुतेक सर्व मोबाइल फोनमधले प्रोसेसर त्याच घराण्यातले आहेत. समजलेल्या यंत्राबद्दल माणसाला धाक वाटत नाही. ‘हे मीही करू शकेन’ हा आत्मविश्वास त्या समजेतूनच येतो, आणि उघड्या यंत्रांची खरी कमाई मी हीच मानतो.

यावर पहिला आक्षेप असा की, हे चित्र फार गोंडस आहे. बहुतेक मुले या संगणकांवर खेळच खेळत होती. जाहिरातींनी ते मुलग्यांचे खेळणे ठरवून मुलींना दूर ठेवले. आणि भारतात तर ते फारच थोड्यांच्या वाट्याला आले. सरकारच्या १९८४च्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रो पोचले ते सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत. हे सगळे खरे आहे, आणि ते झाकून त्या काळाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. तरी एक फरक उरतोच. स्पेक्ट्रम सुरू केला की समोर येत असे ती प्रोग्राम लिहिण्याची जागा. खेळ हवा असला तरी ‘लोड’ हा आदेश द्यावाच लागे. मासिकांत छापलेले प्रोग्राम मुले हाताने टाइप करत, एखादा आकडा चुकला की सगळे अडे आणि मग चूक शोधता शोधता प्रोग्राम कळू लागे. खेळाकडून रचनेकडे जाणारा रस्ता तिथे बंद केलेला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अॅपलच्या २०२०च्या एम१ चिपमध्ये १६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ती संपूर्ण समजणे कोणाही एका माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. मान्य. पण न समजण्याची दोन कारणे असतात आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत. एक गुंतागुंत, दुसरे लपवालपवी. लिनक्सचा पसाराही एका डोक्यात मावत नाही, पण त्यातला हवा तो भाग कोणीही उघडून वाचू शकतो. उलट, फोनची बॅटरी गोंदाने चिकटवणे, दुरुस्तीसाठी बदललेला अस्सल भागसुद्धा सॉफ्टवेअरने नाकारणे, सर्किट डायग्राम दुरुस्ती करणाऱ्यापासून दडवणे, यांचा ट्रान्झिस्टरच्या संख्येशी काय संबंध? हे कंपन्यांनी घेतलेले निर्णय आहेत, आणि निर्णय बदलता येतात. आपल्याकडे एकेकाळी रेडिओ-टीव्हीबरोबर सर्किट डायग्राम मिळत असे आणि त्याच्या आधारावर गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांचे ज्ञान वाढले.

आता रास्पबेरी पाय आणि आर्डुइनो हे छोटे बोर्ड स्वस्तात मिळतात, मग तक्रार कशाची, असेही विचारले जाते. ही साधने मोलाची आहेत. पण २०१२मध्ये आलेला रास्पबेरी पाय सुरू होत असे तोच मुळी बंदिस्त फर्मवेअरच्या आधाराने. मला त्यापेक्षा आर्डुइनो उनो जुन्या परंपरेचा खरा वारस वाटतो: ८ बिटची चिप, २ केबी रॅम आणि सर्किट सर्वांसाठी खुले. अर्थात साधन खुले असले तरी शिकवणे बंदिस्त असू शकते. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून आणलेल्या किटचे तुकडे पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम जोडून प्रदर्शनात रोबो पळवला, एवढ्यावर समाधान मानले तर तो खर्च वाया गेला असेच मी म्हणेन. तिथल्या मुलांना एका साध्या चिपची डेटाशीट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला शिकवा आणि बंद पडलेली उपकरणे उघडू द्या.

झेड८० प्रोसेसरचे मूळ स्वरूपातले उत्पादन थांबवत असल्याचे झायलॉग कंपनीने २०२४मध्ये जाहीर केले. जुने सुटे भाग कधी ना कधी संपणारच, म्हणून नवी यंत्रेही समजून घेता यावीत अशी मागणी करणे भाग आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, पण माहिती देणे कंपन्यांच्या राजीखुशीवर सोडले तर हा हक्क टिकणार नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे सर्किट डायग्राम आणि दुरुस्तीपुस्तिका प्रसिद्ध करणे कायद्याने सक्तीचे व्हावे, ही मागणी ग्राहक संघटनांनी, शिक्षकांनी आणि अभियंत्यांनी एकत्र येऊन लावून धरली पाहिजे.