काकड्याला बिदागी नसते

आश्विन पौर्णिमेला गावोगावच्या देवळांत काकडा सुरू होतो आणि कार्तिक पौर्णिमेला संपतो. या महिन्याच्या ऐन मध्यावर अमावास्या येते, तेच लक्ष्मीपूजन. दिवाळीच्या ज्या तीन-चार पहाटांसाठी पुण्यातले गायक-वादक गणपतीच्या आधीच तारखा देऊन बसलेले असतात, त्या पहाटा मुळशीतल्या एखाद्या गावाच्या लेखी तिसांतल्या तीन-चारच. बाकीच्या दिवशीही तिथं साडेचारला टाळ वाजतोच. ‘दिवाळी पहाट’ हा शब्द मात्र त्या गावांत अलीकडे आला, आणि तोही भूगाव-बावधनच्या सोसायट्यांनी बरोबर आणला.

मी हौशी पेटीवाला. मोठ्या गवयांची साथ माझ्या वाट्याला येत नाही, पण सणासुदीच्या गर्दीत चांगला पेटीवाला मिळाला नाही की माझा फोन वाजतो. त्यामुळे विंगेत, गाडीत आणि चहाच्या टपरीवर कलावंतांशी बोलायला भरपूर मिळतं. दिवाळीपासून थर्टीफर्स्टपर्यंतच्या या हंगामात तुम्हाला मनापासून कोणता कार्यक्रम आवडतो, हे मी अनेकांना विचारलं आहे. पहिलं उत्तर बहुतेक वेळा पाकिटाच्या जाडीवरून येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पावसाळ्याचे रिकामे महिने या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर काढायचे असतात. दुसरं उत्तर चहा संपत आल्यावर येतं. ते ऐकण्यासारखं असतं.

सोसायटीतली दिवाळी पहाट आतून कशी दिसते ते सांगतो. कार्यक्रम साडेपाचचा, म्हणजे साउंड चेक साडेचारला आणि घरातून निघायचं साडेतीनला. हिरवळीवर दव पडलेलं असतं. त्या ओलीनं तबल्याची पुडी सैल पडते. तो चढवून सुरात आणावा, तर मंचावरचे दिवे तापतात आणि अर्ध्या तासात तोच तबला वर सरकतो. गायकाची अडचण वेगळीच. पहाटेचा गळा जड असतो, आणि म्हणून तर खर्जाचा रियाज पहाटे करायचा. खालचे सूर त्या वेळी असे भरून लागतात की गाणाऱ्यालाच आपल्या आवाजाचं नवल वाटावं. नेमक्या त्याच वेळी आयोजकांच्या यादीत तार षड्‌जावर उडी घेणारं नाट्यपद तिसऱ्या नंबरला असतं. त्याआधी निवेदक सहा मिनिटं सुगंधी उटण्यावर बोललेला असतो. साडेआठला भैरवी, मग फराळ.

तरीही एका गायिकेनं मला सांगितलं की वर्षभरात ती याच कार्यक्रमाची वाट पाहते. कारण विचारलं तर म्हणाली, ‘‘ललत गायला मिळतो हो. वीस मिनिटं का होईना.’’

या एका वाक्यात हिंदुस्थानी संगीताची एक जुनी अडचण आहे. प्रहर पाळणारं हे संगीत आणि आपल्या मैफिली मात्र संध्याकाळी साडेसहाच्या. ललत, भटियार, अहीर भैरव, तोडी हे राग कलावंत वर्षानुवर्षं घोटतो, शिष्यांना शिकवतो, ध्वनिमुद्रित करतो. भरल्या सभागृहासमोर, त्यांच्या वेळेला ते गाण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला येतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पूर्वी रात्रभर चालणाऱ्या मैफिली होत्या आणि त्या आपोआप पहाटेपर्यंत जात. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव असाच डिसेंबरच्या थंडीत रात्र-रात्र रंगे, आणि उजाडताना होणारं स्वतः पंडितजींचं गाणं ऐकून लोक घोंगड्या-शालींसकट घरी परतत. पुढे ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सूट देऊ शकतं, पण ती रात्री 10 ते 12 या दोन तासांपुरतीच. नियमांमागचं कारण रास्त आहे. आजारी माणसानं आणि परीक्षेच्या पोरानं झोपायचं कधी? पण परिणाम असा की मध्यरात्रीच्या मालकंसाला थोडी जागा उरली, आणि पहाटेच्या ललताला उघड्या मैदानावर काहीच उरली नाही. म्हणून दिवाळी पहाट एक तर बंद सभागृहात शिरते किंवा सहाचा ठोका पडण्याची वाट पाहते. साडेपाचची पत्रिका छापून माइक सहाला सुरू करणारे प्रामाणिक आयोजकही मी पाहिले आहेत. त्या अर्ध्या तासात निवेदक कामी येतो.

भैरवीचं मला नेहमी हसू येतं. वर्षभर आपण तिला रात्री साडेनऊला, सभागृहाचा पहारेकरी किल्ल्या खुळखुळवत असताना गातो, कारण ती शेवटी गायची. दिवाळी पहाटेला ती एकदाची आपल्या वेळेला येते. भूपाळीची गंमत उलटी आहे. देवाला उठवायचं गाणं ते, पण भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. तेच पाच सूर घेऊन सकाळचं काम करणारा राग देसकार. शास्त्र्यांनी यावर पानं भरली, गावातल्या भजन्यांनी दोन्हीकडे दुर्लक्ष करून चाल धरली.

आता काकडा. माझ्या माहितीच्या एका देवळात मी तीन वर्षं अधूनमधून जातो. पौडच्या पुढे, आंबेमोहोराच्या खाचरांमधल्या वाटेनं. हे दिवस भातकापणीचे, त्यामुळे काकड्याला येणारा माणूस तिथून थेट विळा घेऊन शेतात जाणार असतो. आरती, भूपाळ्या, वासुदेव, आंधळा, पांगुळ, गौळणी असा क्रम ठरलेला. तो कुणी विचारत नाही आणि कुणी बदलत नाही. पखवाजवाला घरून कणकेचा गोळा फडक्यात बांधून आणतो आणि डाव्या तोंडाला थापतो. विणेकरी उभा. मंडळी दोन रांगांत. आवाज न फुटलेला माणूस पहिले दोन अभंग पुटपुटतो, मागच्याच्या आवाजावर आपला टेकवतो, आणि गौळणींपर्यंत त्याचा गळा आपोआप मोकळा होतो. पहाटेच्या गळ्याशी कसं वागावं याचं इतकं शहाणं उत्तर मी कोणत्याही मैफिलीत पाहिलेलं नाही. रोज एका घराची पाळी असते, चहा-खिरापत त्यांची. निव्वळ श्रोता असा फक्त मीच होतो, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात टाळ दिला गेला.

पुण्यात बऱ्यापैकी नाव असलेला एक तबलजी याच भागातला. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तो रोज दोन कार्यक्रम करतो. तरी त्याचं दुसरं उत्तर होतं काकडा, आणि तेही आपल्या घरची पाळी असते त्या दिवशीचा. तिथं त्याला कुणी बिदागी देत नाही, उलट चहाची साखर त्याच्याच घरची. ‘‘तिथं मी चुकलो तरी काकडा होतो,’’ तो म्हणाला, ‘‘आणि मी गेलो नाही तर होत नाही असं मला वाटतं. खरं तर तरीही होतो.’’

या बोलण्यावरून गावाकडचं ते शुद्ध आणि शहराकडचं ते बाजारी, असा सोपा निष्कर्ष कुणी काढेल. मला तो मान्य नाही. काकड्याच्या त्या दोन रांगांत बाया नसतात. त्या भिंतीकडेला बसतात आणि त्यांच्यातली एक तर अशी गाते की रांगेतल्या चौघांनी ऐकत राहावं. सोसायटीच्या मंचावर त्याच वयाची बाई मधोमध बसते आणि मानधन घेऊन घरी जाते. बाजारानं दिलेली ही जागा लहान नाही. शिवाय काकड्यावर कुणाचं पोट भरत नाही. त्या तबलजीला काकडा परवडतो, कारण पुण्यातल्या दोन-दोन कार्यक्रमांनी त्याचा हप्ता भरलेला असतो. ताम्हिणीच्या वाटेवरच्या एखाद्या रिसॉर्टवर 31 डिसेंबरला की-बोर्ड वाजवणारा पोरगा रात्री साडेअकराला तेच एक गाणं चौथ्यांदा वाजवतो, त्याला कंटाळा येतो, पण जानेवारीचं भाडं तिथूनच जातं. त्याच्या कंटाळ्याकडे वरून पाहायचा अधिकार मला नाही.

कंटाळ्याचंही एक शास्त्र आहे. युरोप-अमेरिकेतले वाद्यवृंद दर डिसेंबरला हँडेलचा ‘मसाया’ आणि चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ वाजवतात. वादकांनी त्याला वैतागावं आणि संस्थेनं त्यावर वर्ष काढावं हा तिथला रिवाजच आहे. गंमत म्हणजे ‘मसाया’ नाताळचा नव्हताच. तो पहिल्यांदा सादर झाला डब्लिनमध्ये, 1742 च्या एप्रिलमध्ये, ईस्टर जवळ आला असताना, कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि रुग्णालयांसाठी पैसे उभे करायला. तिथीशी त्याचं नातं पुढे जुळलं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. आणि आज काही ठिकाणी प्रेक्षक स्वतः स्वरलिपी हातात घेऊन त्यातले कोरस गातात. त्या रात्री वादक कितपत कंटाळत असतील याची मला शंका आहे.

मला दिसतं ते एवढंच. कलावंताचं दुसरं उत्तर शास्त्रीय-सुगम, गाव-शहर, फुकट-सशुल्क अशा खणांत बसत नाही. ललताची वीस मिनिटं मागणारी गायिका आणि पाळीच्या दिवशी साखर नेणारा तबलजी एकच गोष्ट मागतात: त्या वेळेला तेच व्हायला हवं असं काहीतरी. रागाला त्याची वेळ, गळ्याला त्याची पट्टी, समोरच्या माणसालाही त्या गाण्याशी काही काम. आयोजकांना हे देणं अवघड नाही. यादी तीन गाण्यांनी कमी करा, सुरुवातीचा अर्धा तास गायकाच्या मर्जीवर सोडा, निवेदकाला फराळाच्या तयारीला लावा. बावधनच्या एका सोसायटीत गेल्या वर्षी हे झालं. म्हणजे निवेदक आजारी पडला म्हणून झालं. अहीर भैरव पस्तीस मिनिटं चालला, चार-सहा लोक उठून गेले, बाकीचे गप्प बसून राहिले, आणि मला पेटीवर दोन जागा हाती लागल्या ज्या आजवर कधी लागल्या नव्हत्या.

त्या तबलजीचा धाकटा भाऊ काकड्याला पखवाज धरतो. शेवटच्या आरतीला त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे असतं. पिरंगुटच्या कंपनीची बस पावणेसातला फाट्यावर येते. वाळत आलेली कणीक तो बोटानं खरवडतो, फडक्यात बांधतो, आणि तीर्थ घेत-घेतच चपला शोधू लागतो.