इंडोनेशिया: राज्याचा ईश्वर, नागरिकाचा धर्म

राज्याने कोणताही एक धर्म स्वीकारायचा नाही, ईश्वर मात्र मानायचा, हे साधते का? स्वतंत्र इंडोनेशियाची घटना याच भूमिकेवर उभी आहे. तेथील बहुसंख्य लोक मुस्लिम असले तरी इस्लाम हा राज्यधर्म नाही. पण राज्य निधर्मीही नाही.

जपानी अंमल संपत आला होता तेव्हा, १ जून १९४५ रोजी, स्वातंत्र्याची तयारी करणाऱ्या समितीपुढे राष्ट्रवादी नेते सुकार्नो यांनी ‘पंचसिला’ नावाने पाच तत्त्वे मांडली: राष्ट्रीयत्व, मानवता, सहमतीची लोकशाही, सामाजिक न्याय आणि ईश्वरश्रद्धा. त्यांच्या क्रमात ईश्वर शेवटी होता. २२ जूनच्या जकार्ता सनदेत, म्हणजे घटनेच्या प्रस्तावनेच्या मसुद्यात, तो पहिल्या स्थानी आला आणि मुस्लिमांवर शरियतपालनाचे बंधन घालणारे सात शब्द त्याला जोडले गेले. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्टला, हे शब्द गळले. ते राहिले तर पूर्वेकडील ख्रिस्ती प्रदेश नव्या राष्ट्रात राहणार नाहीत, हे सुकार्नो यांचे सहकारी मोहम्मद हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांना पटवले. त्या शब्दांच्या जागी ‘एकमेव ईश्वरावरील श्रद्धा’ एवढेच उरले. हा ईश्वर कोणाचा, हे मुद्दामच सांगितले नाही.

या मौनामुळे राष्ट्र एकत्र राहिले. पण त्यातूनच नवा पेच उभा राहिला. ईश्वर मानणे हा राज्याचा पाया ठरल्यावर कोणाची श्रद्धा त्यात बसते, हे कोणीतरी ठरवणे आले. जानेवारी १९४६ मध्ये धर्म मंत्रालय स्थापन झाले आणि हा निवाडा त्याच्याकडे गेला. एक ईश्वर, प्रेषित आणि धर्मग्रंथ असेल तो धर्म, अशी तिथली धारणा होती. तिचा साचा उघडच इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मांवरून घेतलेला होता.

बालीतील हिंदूंना याची झळ लागली. देवळोदेवळी निरनिराळ्या देवता, पितरांची पूजा आणि गावागणिक वेगळे विधी असलेली त्यांची उपासना मंत्रालयाच्या लेखी धर्म नव्हतीच. तेव्हा बाली विद्वानांनी ‘सांग ह्यांग विधी वासा’ हे सर्व देवांमागचे एक तत्त्व पुढे आणले, वेदांना धर्मग्रंथाचे स्थान दिले आणि गायत्री मंत्राने सुरू होणारी त्रिसंध्या ही सर्वांसाठी एकच प्रार्थना रूढ केली. १९५८ मध्ये मान्यतेचा मार्ग मोकळा झाला. बालीच्या मंदिरांतील पद्मासनात आजही या बदलाचा अर्थ दिसतो. कासव आणि नाग यांच्यावर उभारलेल्या या उंच दगडी आसनावर मूर्ती नसते. रिकामे आसन हेच निराकार परमेश्वराचे स्थान. आसन जुन्या परंपरेतलेच, पण आता राज्याच्या पहिल्या तत्त्वालाही ते उत्तर देऊ लागले.

बौद्धांपुढचा पेच याहून अवघड होता, कारण सृष्टिकर्ता ईश्वर त्यांच्या दर्शनात नाही. १९६५ नंतर तो जिवावर बेतण्याजोगा झाला. त्या वर्षीच्या फसलेल्या उठावानंतर लाखो कम्युनिस्ट आणि त्यांचे समर्थक समजले गेलेले लोक मारले गेले. नास्तिक आणि कम्युनिस्ट हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जाऊ लागले. भिक्षू आशिन जिनरक्खित यांनी जुन्या जावानीज ग्रंथाच्या आधारे ‘सांग ह्यांग आदिबुद्ध’ ही संकल्पना मांडली. थेरवादी बौद्धांना ती मान्य नव्हती, तरी बौद्ध धर्माला सरकारदरबारी स्थान टिकवता आले.

धर्मांविषयीच्या १९६५ च्या अध्यादेशाच्या स्पष्टीकरणात इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन असे सहा धर्म होते. सुहार्तो यांच्या राजवटीत चिनी चालीरीतींवर बंधने आली आणि कन्फ्यूशियन धर्माचे स्थानही गेले. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी ती बंधने उठवली. कालिमंतानमधील दायाक लोकांचा कहारिंगन धर्म १९८० मध्ये हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदला गेला. सुंदा विवितानसारख्या स्थानिक परंपरा ‘श्रद्धा’ ठरल्या, ‘धर्म’ नव्हे. त्यांच्या अनुयायांच्या ओळखपत्रावर धर्माच्या रकान्यात रेघ असे, आणि त्या रेघेपायी विवाहनोंदणीपासून नोकरीपर्यंत अडचणी येत. नोव्हेंबर २०१७ मध्ये घटना न्यायालयाने या श्रद्धांची नोंद रकान्यात करण्याचा हक्क मान्य केला.

या व्यवस्थेच्या बाजूने बरेच सांगता येते. २००२ मध्ये शरियतपालनाचे ते सात शब्द घटनेत परत आणण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. पहिले तत्त्व कोणा एकाच्या मालकीचे नसल्याने सर्वांनाच त्याचा आसरा घेता आला. पण ईश्वराचे नाव न घेतल्याने राज्य तटस्थ झाले, असे म्हणता येत नाही. धर्म कशाला म्हणावे हे ठरवण्याची सत्ता त्याने आपल्याकडे ठेवली, आणि त्या व्याख्येत बसण्यासाठी बालीच्या हिंदूंना व बौद्धांना आपल्या तत्त्वज्ञानाची मांडणी बदलावी लागली. २०१७ च्या निकालानंतर रकान्यात जी नोंद होऊ लागली, तिचेही शब्द ‘एकमेव ईश्वरावरील श्रद्धा’ असेच आहेत. ज्याची कोणत्याच ईश्वरावर श्रद्धा नाही, त्याच्यासाठी त्या रकान्यात अजूनही शब्द नाही.