पाठविलेला

योहान ९ मध्ये प्रभूने जन्मांधास शिलोहाच्या तळ्यावर धाडले. शिलोह म्हणजे पाठविलेला. आम्हां बेळगाव-निपाणीकडील मंडळींना हे नाव वाचताना मिरज आठवते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली हिंदुस्थानात पाठविले गेले, १८९४ साली त्यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडले. मोतीबिंदूने अंधारात बसलेले कित्येकजण तेथून डोळस होऊन घरी परतले. पण आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते १८९७ सालचे काम : येथल्याच तरुणांसाठी वैद्यकीय शाळा. आपले हात एक दिवस थांबणार, हे त्यांनी ओळखले होते. १९३३ साली ते प्रभूमध्ये निजले. शस्त्रक्रिया थांबल्या नाहीत. त्यांचे गुण आम्ही व्यासपीठावरून आनंदाने गातो. आपल्या मंडळीतून यंदा कोणाला पाठवायचे, हा विषय निघाला की मात्र सभा लवकर आटोपते.