सर्वांत मागे राहिलेला

पुष्कळ जण मिळून वाटेस लागले असता चाल कोणाची धरावी, बळकटाची की दुबळ्याची? प्रश्न लहान दिसतो. परंतु घर काय, गाव काय, ह्याच प्रश्नापाशी एकत्र राहतात किंवा फुटतात. ह्याविषयी आम्हांस एक धडा मिळाला, तो वाचकांपुढे ठेवितो.

साताऱ्याच्या पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर आहे. गेल्या पौषात एके सायंकाळी आम्ही अकरा जण तेथून पायवाटेने धावत उतरत होतो. आपल्या प्रांतात त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्यानंतर पंचवीस मिनिटांच्या आत पायाखालचा धोंडा दिसेनासा होतो. म्हणून सर्वांस घाई होती. आमच्यांत एक तरुण नवखा असून तो मागे पडे. प्रत्येक फाट्यावर आम्ही त्याच्यासाठी थांबत असू, आणि तो दिसताच "आला, चला" असे म्हणून पुन्हा पळत सुटत असू. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी तो दगडावर बसला व म्हणाला, "काका, तुम्ही सगळे थांबता, मला मात्र थांबायला मिळत नाही."

हे शब्द आम्हांस फार लागले. आम्ही त्याच्यावर उपकार करीत आहो असे आम्हांस वाटत होते. वस्तुतः विसावा आम्हीच घेत होतो! ज्याचा दम पुरला होता त्यास तीनदा विश्रांती मिळाली, आणि ज्याचा दम संपला होता त्यास एकदाही नाही. शिवाय आमच्याकडे धीराचे श्रेय, आणि त्याच्याकडे उशीर केल्याची लाज.

कोणी म्हणेल की, एकासाठी दहांनी गारठावे काय? ही शंका पोकळ नाही. घामाने भिजलेला मनुष्य थांबला की वारा त्याच्या अंगातील ऊब हिरावून नेतो, आणि थंडी प्राणही घेते. २०२१ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस चीन देशातील कान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत चालली असता एकाएकी गारा, पाऊस व सोसाट्याचा वारा सुटला. १७२ जण धावत होते. अंगांत पातळ कपडे. त्यांतील २१ जण दगावले. त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ गुहेत आसऱ्यास बसला होता. तो बाहेर पडला, थिजलेल्यांस आत आणिले, विस्तव पेटविला, आणि सहा जण वाचले. गुहेच्या तोंडाशी उभे राहून लोकांची वाट पाहणे त्यास सोपे होते. परंतु तो त्यांच्यापर्यंत गेला.

तेव्हा थांबणे व सोबत करणे ही दोन कामे निराळी आहेत. थांबणारा आपल्या जागी उभा राहतो आणि दुबळ्याने तेथवर यावे अशी अपेक्षा करितो. सोबत करणारा त्याच्या जागी जातो.

त्या सायंकाळी आम्ही त्या तरुणास बसू दिले, पाणी दिले, आणि मग त्यास सर्वांच्या पुढे घातले. सर्वांत चपळ गड्यास अगदी मागे ठेविले. वाट अरुंद, त्यामुळे कोणास पुढे निसटता येईना. चाल मंदावली, तरी पाय हलत राहिल्याने कोणी गारठले नाही. कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात आम्ही पायथ्याशी पोहोचलो, ते उशिरा. परंतु मोजले तो अकराच्या अकरा भरलो. चपळ गड्याची कुरकुर झाली, हे आम्ही लपवीत नाही. त्याने खरोखर काही गमाविले होते. काही न गमाविता सोबत करिता येत नाही.

वाचकहो, बाजाराहून परतताना म्हातारी आई मागे पडते. रात्रीच्या वर्गात एखाद्या प्रौढास अक्षर लवकर लागत नाही. आपण थांबतो व स्वतःस धीराचे म्हणवितो. एवढेच पाहावे की, तो येऊन पोहोचल्यावर त्यास बसावयास वेळ मिळतो काय, की तो दिसताच आपण उठून चालू लागतो?