खंडणीचा नाका

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत हरल्यावर निजामाने मराठ्यांना मुलूख आणि कोट्यवधी रुपये देण्याचं कबूल केलं. तेव्हाच्या व्यवहारात अशा पैशाला खंडणी म्हणत. आज हाच शब्द पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली लिहिला जातो. सत्तेला दिली तर तह आणि गुंडाला दिली तर गुन्हा, या दोन्ही गोष्टींना आपली भाषा एकच नाव देते. अमली पदार्थांचा तस्कर आणि सशस्त्र बंडखोर यांच्या नात्याचा विचार करताना मला सर्वांत जास्त मदत या शब्दाची झाली.

हा विचार करणं भाग पडलं ते नांदेडमुळे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी इथेच देह ठेवला. इथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कोण कुठला हे कुणी विचारत नाही, आणि दखनी शीख कुटुंबं पिढ्यानपिढ्या मराठी बोलत इथे नांदत आली आहेत. याच शहरात हरविंदरसिंग संधू ऊर्फ रिंदा वाढला. त्याचं कुटुंब पंजाबातल्या तरनतारन जिल्ह्यातून इथे आलं होतं. नांदेड पोलिसांच्या दप्तरी त्याचं नाव आधी आलं ते खून आणि खंडणीच्या गुन्ह्यांत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याला बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली दहशतवादी घोषित केलं. तो पाकिस्तानात राहून बब्बर खालसा या खलिस्तानवादी संघटनेसाठी काम करतो आणि सीमेपलीकडून शस्त्रं व अमली पदार्थ पाठवतो, असं सरकारचं म्हणणं आहे.

माझा पहिला समज सरळ होता. माणूस आधी फुटीरतेच्या विचाराने पेटतो आणि मग पैशासाठी तस्करीकडे वळतो, असं मला वाटायचं. रिंदाच्या प्रवासातला क्रम पाहिला आणि हा समज डळमळला. इथे खंडणी आधी होती आणि निशाण नंतर आलं.

जगानेही या नात्याबद्दलचं मत अनेकदा बदललं आहे. १९७२ मध्ये आल्फ्रेड मॅकॉय या अमेरिकी अभ्यासकाने आग्नेय आशियातल्या हेरॉइनच्या राजकारणावर पुस्तक लिहिलं. साम्यवादाशी लढणाऱ्या सरकारांच्या आणि गुप्तचरांच्या मित्रांनीच अफूचा व्यापार कसा पोसला, हे त्याने दाखवलं. म्हणजे सुरुवातीला बोट सत्तेकडे होतं. १९८३ मध्ये पेरूचे अध्यक्ष फर्नांडो बेलाउंदे टेरी यांनी अमली पदार्थविरोधी पोलिसांवरच्या हल्ल्यांसाठी ‘नार्को-दहशतवाद’ हा शब्द वापरला, आणि बोट बंडखोरांकडे वळलं. पुढच्याच वर्षी कोलंबियातल्या अमेरिकी राजदूताने ‘नार्को-गनिम’ हा शब्द चालवला. दोन वेगळी माणसं एका जोडशब्दात शिवली गेली. शिवण कुठे आहे, हे पाहायचं मात्र राहून गेलं.

ती शिवण मला म्यानमारच्या खुन साच्या आयुष्यात दिसली. १९६० च्या दशकात तो सरकारच्याच मान्यतेने उभ्या राहिलेल्या स्थानिक सशस्त्र दलाचा म्होरक्या होता. सरकारच्या बाजूने बंदूक धरायची आणि बदल्यात अफूच्या वाटा मोकळ्या मिळवायच्या, असा तो सौदा होता. १९६९ मध्ये त्याला अटक झाली, १९७४ मध्ये तो सुटला आणि शान लोकांच्या स्वातंत्र्याचा नेता म्हणून पुढे आला. हजारोंची फौज बाळगून जानेवारी १९९६ मध्ये तो सरकारला शरण गेला. अमेरिका त्याला मागत राहिली, पण २००७ मध्ये तो यांगूनमध्ये मरण पावला तो तुरुंगाबाहेर. तीसेक वर्षांत त्याची निशाणं बदलली. खेचरांच्या तांड्यांची वाट, आणि त्या वाटेवर पैसे घेणारा त्याचा नाका, तेवढा कायम राहिला.

कोलंबियातल्या फार्क या डाव्या बंडखोरांनीही सुरुवातीला कोकाच्या शेतीला विरोध केला होता. नंतर त्यांनी त्या मालावर वजनाप्रमाणे वसुली बसवली. स्वतःच्या भाषेत ते तिला कर म्हणत. ते वाचताना मला आपला शब्द आठवला. कर की खंडणी, हे नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवतो. देणाऱ्याला फक्त बंदूक दिसते.

विसाव्या शतकाच्या शेवटी पॉल कॉलियर या अर्थशास्त्रज्ञाने बंडांच्या मुळाशी अन्यायापेक्षा लूट शक्य असण्याला जास्त महत्त्व दिलं. २८ सप्टेंबर २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दहशतवाद आणि अमली पदार्थांचा निकटचा संबंध नोंदवला. त्यानंतर काही वर्षांनी वांडा फेल्बाब-ब्राऊन या अभ्यासक महिलेने आणखी एक बाजू पुढे आणली. नुसती पिकं जाळली, तर उपाशी शेतकरी त्याच्या पिकाचं रक्षण करणाऱ्या बंडखोराच्या आणखी जवळ जातो. २०१६ च्या कोलंबियाच्या शांतता करारात बेकायदा पिकांना पर्याय देण्याचं स्वतंत्र कलम आलं, ते याच शहाणपणातून.

हे सगळं मनात ठेवून मी मराठवाड्याकडे पुन्हा पाहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यातल्या मांजरमजवळ केंद्रीय पथकाने आंध्रातून आलेल्या ट्रकमधून ११२७ किलो गांजा पकडला. एप्रिल २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिना शिवारात, मेफेड्रोन बनवण्याचा कारखाना सापडला. तिथे सुमारे साडेअकरा किलो माल होता. अटक झालेल्यांत एक पोलीस कर्मचारीही होता. या दोन्ही प्रकरणांत बंडखोरीचा मागमूस नव्हता, आणि तो ओढूनताणून दाखवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण आडबाजूचं शेड, विकत घेता येणारी खाकी आणि प्रश्न न विचारणारा शेजार इथे आधीच तयार आहे, हे त्यांतून दिसतं.

मे २०२२ मध्ये हरियाणात कर्नालजवळच्या टोल नाक्यावर चार तरुण स्फोटकांसह पकडले गेले. माल आपल्याला लागूनच असलेल्या आदिलाबादला जायचा होता आणि आधीची एक खेप नांदेडला पोचली होती, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीत रोख रक्कमही होती. ही मुलं आधी विचाराने बांधली गेली की भाड्याने, याचा निवाडा न्यायालय करेल. मला मात्र या बातमीत खुन साचा तांडा दिसला. वाट आधीच तयार असते, ज्याच्याकडे पैसा आणि शस्त्र असतं तो तिच्यावरून आपला माल पाठवतो.

म्हणून तस्कराला केवळ सीमेपलीकडचा शत्रू मानणं आता मला अपुरं वाटतं. त्याची सत्ता सुरू होते ती एखाद्या दुकानदाराने घाबरून गुपचूप दिलेल्या पहिल्या पाकिटापासून. ते पाकीट म्हणजे नाका मान्य केल्याची पावती असते. पुढे त्याच नाक्यावरून पावडर जाते आणि मग स्फोटकं. एप्रिल २०२२ मध्ये नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर भरदिवसा गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर खंडणीचा फोन आला की, गप्प राहून पैसे देणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणू शकत नाही. त्याचा हिशेब बरोबर असतो. पोलिसांचं संरक्षण काही दिवसांचं आणि धमकी कायमची, हे त्याला माहीत असतं.

हा हिशेब बदलणं हेच खरं काम आहे. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहणं, त्याच्या दारात पोलीस असणं, गरज पडली तर त्याचं घर बदलणं, हे सगळं तिच्यात आहे. रिंदाला दहशतवादी घोषित करणारी अधिसूचना दिल्लीहून निघाली, ती निघायलाच हवी होती. पण पहिलं पाकीट मागितलं जातं ते नांदेडच्या, लातूरच्या बाजारात. तिथला माणूस ते न देता पोलीस ठाण्याची पायरी चढला आणि रात्री सुखरूप घरी परतला, तर त्या दिवशी तो नाका उठलेला असेल.